तालुक्याच्या हॉलमधून दुहेरीच्या सर्किटवर: विदर्भातल्या नव्या बॅडमिंटन खेळाडूंसाठी

मालविका बनसोडमुळे नागपूरचं नाव एकेरीत गाजलं. त्यामुळे आपल्याकडे पोरगं रॅकेट धरायला लागलं की घरचे एकेरीचीच स्वप्नं रंगवतात. दुहेरी म्हणजे एकेरीत हरल्यावर वेळ घालवायचा खेळ, असा समज अजूनही पुष्कळ हॉलमध्ये आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नागपूरच्या मानकापूर संकुलात झाली. पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात मनू अत्री आणि सुमीत रेड्डी यांनी सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टीला हरवलं. हीच हरलेली जोडी 2023 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण घेऊन जागतिक क्रमवारीत पहिली आली. सात्विक आंध्रातल्या अमलापुरमचा, म्हणजे फार मोठ्या शहरातला नाही. दुहेरीत गाजलेल्या ज्वाला गुट्टाचा जन्म तर आपल्या वर्ध्याचा, खेळली मात्र हैदराबादहून.

हा लेख तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या हॉलमध्ये खेळणाऱ्या, दुहेरीत पुढे जायचं ठरवणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. राहणं नागपुरात नसेल तर काय आधी करायचं आणि कुठे अडकायला होतं, एवढंच इथे सांगितलं आहे.

1. आधी जोडीदार, मग रॅकेट

नवखे लोक पहिल्यांदा महागडी रॅकेट घेतात आणि जोडीदार स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शोधतात. क्रम उलटा हवा. दुहेरीत निम्मं कौशल्य दोघांच्या मधल्या जागेचं असतं, आणि ते फक्त एकत्र खेळूनच येतं.

जोडीदार निवडताना पहिला निकष अंतर. आठवड्यात निदान चार दिवस दोघं एका कोर्टवर आले पाहिजेत. नागपूरचा उत्तम खेळाडू महिन्यातून दोनदा भेटण्यापेक्षा एसटीने पाऊण तासावरचा मध्यम खेळाडू बरा. मुलींना एसटीत अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे शेजारच्या तालुक्याची जोडीदार परवडते. शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे हे मात्र आधी पाहा, कारण बऱ्याच जोड्या खेळावरून मोडत नाहीत, साडेसातच्या गाडीवरून मोडतात.

दुसरं, जिल्ह्याची हद्द. पुलगाव आणि धामणगाव रेल्वे एकाच रेल्वेमार्गावर आहेत, मध्ये फक्त वर्धा नदी. पण पुलगाव वर्धा जिल्ह्यात आणि नागपूर विभागात, धामणगाव अमरावती जिल्ह्यात आणि अमरावती विभागात. शालेय स्पर्धेत हे दोघं एकमेकांचे जोडीदार होऊ शकत नाहीत, उलट समोरासमोर येतील. अशा वेळी सराव एकत्र करा, शालेय स्पर्धेपुरता शाळेतला जोडीदार ठेवा, आणि असोसिएशनच्या स्पर्धेत दोन जिल्ह्यांची जोडी चालते का ते त्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात वाचूनच प्रवेशिका भरा.

तिसरा निकष खेळाचा. "एक मागे मारणारा, एक पुढे उचलणारा" हे सूत्र सगळे सांगतात आणि सुरुवातीला ते ठीकही आहे. पण त्यात अडकू नका. सात्विक आणि चिराग दोघंही उंच, दोघंही मागून मारणारे. 2016 मध्ये प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांना एकत्र केलं तेव्हा ही जोडी विचित्रच वाटत होती. चिरागने पुढचा खेळ नंतर कमावला. पंधरा-सोळाव्या वर्षी जे येत नाही ते शिकता येतं. मात्र चिडका स्वभाव सहज बदलत नाही. फूल (शटल) जाळीत गेल्यावर जो जोडीदाराकडे वळून बघतो, त्याच्यासोबत वर्ष काढणं कठीण.

चौदा वर्षांपर्यंत एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळा. एकेरीने पाय तयार होतात.

2. जागा: हॉल बघताना टेप घेऊन जा

दुहेरीचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद. जाळीची उंची खांबापाशी 1.55 मीटर आणि मधोमध 1.524 मीटर, म्हणजे पाच फूट. गावाकडच्या जाळ्या मधोमध हमखास लोंबतात. चार-पाच सेंटिमीटर खाली आलेल्या जाळीवर महिनाभर सर्व्हिस केली तर स्पर्धेत तीच सर्व्हिस जाळीच्या पट्टीत अडकते. रोज खेळायच्या आधी मधोमध मोजा. पाच फुटांवर खूण केलेली काठी हॉलमध्येच ठेवा.

तालुका क्रीडा संकुलाचा हॉल मिळाला तर उत्तम. मंगल कार्यालयात सराव करायची वेळ आली तर दोन गोष्टी बघा. छत फार खाली असेल तर लिफ्ट आणि क्लिअर या उंच, लांब फटक्यांची सवयच मोडते. आणि फरशी. कोटा किंवा सिमेंटवर उडी मारून स्मॅशचा सराव करू नका. तिथे सर्व्हिस, ड्राइव्ह म्हणजे सपाट फटके, जाळीजवळचा खेळ आणि बचाव करा, उड्या लाकडी किंवा सिंथेटिक मॅटवर मिळेल त्या दिवशी. अशा फरशीवर वर्षभर उड्या मारणाऱ्यांचे गुडघे अठराव्या वर्षीच कुरकुरतात.

दिवे कोर्टच्या डोक्यावर नकोत, दोन्ही बाजूंना हवेत. मागची भिंत पांढरी असेल तर पांढरं फूल दिसत नाही, तिला गडद हिरवा किंवा निळा रंग द्या. उन्हाळ्यात टिनाच्या हॉलमध्ये सकाळी साडेपाच ते आठ हाच वेळ. खेळण्याआधी ओल्या कापडाने धूळ पुसा. घोट्याच्या दुखापतीत धुळीवर घसरण्याचा वाटा मोठा आहे.

3. सामान

दोघांना मिळून निदान चार रॅकेटी लागतात, प्रत्येकी दोन, आणि दोन्हींचं गटिंग म्हणजे तारांची विणण सारख्याच ताणाची. वजन 4यू म्हणजे 80 ते 84 ग्रॅम, मूठ जी-5 मापाची, ताण सुरुवातीला 22 ते 24 पौंड. 28 पौंडांचा हट्ट धरू नका. जास्त ताणाला नेमका मध्य साधावा लागतो, नाहीतर फटका लांब जात नाही आणि कोपर दुखायला लागतं. तार 0.70 मिलिमीटरची घ्या, बारीक तार भारी वाटते पण लवकर तुटते.

तालुक्यात गटिंगचं मशीन क्वचितच असतं. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला गेलं की दोन-दोन रॅकेटी एकदम करून आणा. तार तुटली तर बाकीच्या तारा लगेच कात्रीने कापा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला. तशीच ठेवली तर ताण एकीकडे ओढला जातो आणि फ्रेम वाकडी होते. रॅकेट एसटीच्या इंजिनाजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ताण उतरतो.

बूट नॉन-मार्किंगच हवेत, मऊ रबरी तळाचे. धावण्याचे बूट उंच टाचेचे असतात, बाजूला झेप घेतली की घोटा मुरगळतो. बुटांवर पैसे वाचवू नका, रॅकेटवर वाचवा.

4. फुलं आणि आपला उन्हाळा

महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च शटलचा, म्हणजे आपल्या फुलांचा. इथेच सगळ्यात जास्त पैसे वायाही जातात.

गरम हवा विरळ असते, तिच्यात फूल जोरात पळतं. म्हणून एप्रिल ते जून हळू वेगाचं म्हणजे 75 किंवा 76 चं फूल घ्या, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 77 चं. काही कंपन्या 1 ते 5 असे आकडे देतात, त्यात आकडा मोठा तितकं फूल वेगवान. दुकानदार जे शिल्लक असेल ते देतो. नळकांड्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

वेग तपासायची पद्धत नियमातच दिली आहे. मागच्या सीमारेषेवर उभं राहून खालून पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर, वरच्या दिशेने मारा. फूल समोरच्या मागच्या सीमारेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. टेप नसेल तरी चालतं. दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा सीमेपासून 76 सेंटिमीटरवर असते, म्हणजे फूल त्या रेषेच्या वीतभर मागे-पुढे पडायला हवं. सीमेबाहेर जात असेल तर ते त्या दिवसाच्या हवेला फार वेगवान आहे.

दुसरी अडचण कोरडेपणाची. आपल्याकडच्या मार्च-मे महिन्यांत पिसं पापडासारखी मोडतात. उपाय वाफेचा. आदल्या रात्री पाणी उकळा, नळकांड्याची दोन्ही झाकणं काढा आणि पिसांची बाजू वाफेवर वीतभर अंतरावर पाच-दहा सेकंद धरा. लगेच झाकणं लावून रात्रभर उभं ठेवा. बुचाला पाणी लागू देऊ नका, बूच भिजलं की फूल जड होतं आणि सगळी मेहनत वाया. वाफ जास्त दिली तर पिसं लुळी होऊन फूल डगमगतं. घाई असेल तर पिसांकडच्या झाकणात ओल्या कापसाचा छोटा बोळा ठेवला तरी फरक पडतो. पावसाळ्यात यातलं काही नको.

पिसांची टोकं मुडपून फूल हळू करायची युक्ती सरावात ठीक. स्पर्धेत खेळाडूने फुलाशी अशी छेडछाड करणं नियमाबाहेर आहे.

नायलॉनचं फूल स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यात त्याचं हिरव्या पट्टीचं, म्हणजे हळू वेगाचं घ्यायचं. पण नायलॉन स्मॅशनंतर पिसांच्या फुलासारखं वेग सोडत नाही, त्यामुळे बचावाची वेळ चुकते. स्पर्धेआधीचे दोन आठवडे फक्त पिसांची फुलं. मोडकी फुलं फेकू नका, चाळीस-पन्नास साठली की एकाने भराभर हाताने टाकायची आणि दुसऱ्याने जाळीजवळ मारायची, हा सराव त्यांच्यावर छान होतो.

5. सर्व्हिस आणि पहिले तीन फटके

नवी जोडी स्मॅशचा सराव तासभर करते आणि सर्व्हिसचा पाच मिनिटं. जिल्हा पातळीवर चालून जातं. राज्य पातळीवर मात्र समोरचा तुमची उंच सर्व्हिस जाळीवरच ठोकतो, आणि स्मॅश मारायची पाळीच येत नाही.

जाळीच्या खांबांना दोन्हीकडे बांबू बांधा आणि जाळीच्या पट्टीच्या 30 सेंटिमीटर वर एक सुतळी ताणा. बॅकहँडची छोटी सर्व्हिस पट्टी आणि सुतळी यांच्या मधून जायला हवी. शंभरातल्या ऐंशी जायला लागल्या की सुतळी 20 वर आणा, मग 15 वर. पलीकडे सर्व्हिस रेषेच्या आत दोन ठिकाणी जुना रुमाल टाका: एक मधल्या रेषेच्या कोपऱ्यात, एक बाहेरच्या कडेला. रोज शंभर सर्व्हिस प्रत्येकाने, त्यातल्या साधारण साठ मधल्या कोपऱ्यात, पंचवीस बाहेर, पंधरा फ्लिक, म्हणजे ऐनवेळी उंच आणि लांब टाकलेल्या. फ्लिकची हालचाल छोट्या सर्व्हिससारखीच दिसली पाहिजे, नाहीतर ती समोरच्याला दिलेली भेटच.

सर्व्हिसचे दोष तीन प्रकारचे, आणि तिन्ही सरावात कोणी पकडत नाही म्हणून स्पर्धेत उघडे पडतात.

पहिला उंचीचा. रॅकेट लागते त्या क्षणी संपूर्ण फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं. दोन काठ्यांना त्या उंचीवर दोरा बांधा आणि मित्राला बाजूने मोबाइलवर चित्रण करायला सांगा. उंच मुलांचा दोष इथेच निघतो.

दुसरा पायाचा. फूल मारेपर्यंत दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि स्थिर हवा, आणि बूट रेषेला लागता कामा नये. घाईत पुढचा पंजा छोट्या सर्व्हिस रेषेवर जातो.

तिसरा थांबण्याचा. रॅकेट एकदा पुढे निघाली की ती मध्ये थांबवता येत नाही. समोरच्याला चकवायला मुद्दाम अडखळलात तर दोष.

सर्व्हिस गेली की सर्व्हिस करणारा तिथेच जाळीजवळ, रॅकेट छातीच्या वर. जोडीदार त्याच्या मागे दीड मीटरवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून. तिसरा फटका या दोघांपैकी कोणाचा हे आधीच ठरलेलं असावं: जाळीजवळचं आणि मधलं जवळचं पुढच्याचं, पुढच्याला पार करून गेलेलं मागच्याचं. पुढच्याने मागे हात टाकून फूल पकडायचा प्रयत्न केला की जोडी फसते, कारण फूल अर्धवट लागतं आणि जाळीजवळची जागाही रिकामी होते.

एक गोष्ट कधीच करू नका: पुढचा खेळाडू मागे वळून जोडीदाराचा स्मॅश बघत नाही. डोळ्याला फूल लागण्याचे प्रकार असेच होतात. नजर समोर, जोडीदाराच्या फटक्याचा आवाज कानाने ऐकायचा.

6. उभं राहणं, फिरणं आणि मधलं फूल

मारताना पुढे-मागे, बचावाला शेजारी-शेजारी. एवढं सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते बदलताना. साधा नियम असा: ज्याने फूल वर उचललं तो सरळ आपल्या बाजूला मागे सरकतो, दुसरा उरलेली बाजू घेतो. दोघांनी एकाच बाजूला जायची चूक पहिल्या महिन्यात रोज होते. तिच्यासाठी फुलाशिवायचा सराव करा. एकाने "वर", "खाली" असं ओरडायचं आणि दोघांनी फक्त पाय हलवायचे, दहा-दहा मिनिटं. बघणाऱ्याला हसू येतं, येऊ द्या.

मधलं फूल कोणाचं, यावर जोड्या भांडतात. दोघं उजव्या हाताचे असतील तर डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचा फोरहँड मध्ये येतो. नवख्यांनी ते फूल त्याचंच धरावं. पुढे वेग वाढला की नियम बदला: स्मॅश मारणाऱ्याच्या सरळ समोर असलेला आपली बाजू आणि अंग सांभाळतो, तिरकस समोर असलेल्याला वेळ जास्त मिळतो म्हणून मधलं त्याचं. कोणताही नियम चालेल, फक्त तो एकच असावा आणि दोघांना एकच कळलेला असावा.

बोलण्याचे शब्दही ठरवा. "माझं", "तुझं" आणि बाहेर जाणाऱ्या फुलासाठी "सोड". लांब वाक्याला वेळ नसतो. फूल एका जोडीदाराच्या रॅकेटला लागून दुसऱ्याने मारलं तर दोष असतो, त्यामुळे दोघांनी एकदम हात टाकणं महागात पडतं.

आठवड्यातून एक दिवस दोघं विरुद्ध एक असा सराव करा. एकटा अर्धं कोर्ट सांभाळतो, समोरची जोडी फक्त त्याच अर्ध्यात मारते. गावात चार चांगले खेळाडू मिळत नाहीत, तिघांवर भागतं.

7. गुण मोजणं शिका

तालुका आणि जिल्हा पातळीवर प्रत्येक कोर्टाला पंच असेलच असं नाही. सर्व्हिस चुकीच्या बाजूने केली म्हणून वाद होतात, आणि ज्याला नियम येतो तो जिंकतो.

आपल्या जोडीचे गुण सम असतील तर सर्व्हिस उजव्या चौकटीतून, विषम असतील तर डाव्या. सर्व्हिस करून गुण मिळाला तरच जोडीतले दोघं चौकटी बदलतात आणि तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. सर्व्हिस समोरच्यांकडे गेली तर कोणीही जागा बदलत नाही. त्यांचे गुण सम असतील तर त्यांच्यातला उजवीकडचा करतो, विषम असतील तर डावीकडचा. चूक लक्षात आली तर ती दुरुस्त करायची, मिळालेले गुण तसेच राहतात.

गेम 21 चा, 20-20 नंतर दोन गुणांची आघाडी, आणि कितीही रंगला तरी 30 ला संपतो. 11 वर 60 सेकंदांची विश्रांती, गेमच्या मध्ये 120 सेकंदांची.

8. कागदपत्रं: सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात

जिल्हा बॅडमिंटन संघटनेकडे नाव नोंदवा. त्यातूनच महाराष्ट्र बॅडमिंटन असोसिएशन आणि पुढे भारतीय बॅडमिंटन संघटनेचा, म्हणजे बीएआयचा ओळख क्रमांक. लागणारी कागदं:

- जन्म दाखला, मूळ आणि स्कॅन केलेला
- आधार कार्ड
- शाळेचं बोनाफाईड
- रहिवासाचा पुरावा
- अलीकडचा फोटो
- आई किंवा वडिलांच्या सहीचं संमतिपत्र (वय 18 खाली असेल तर)
- खेळाडूच्या नावाचं बँक खातं

यादी सोपी आहे, अडचण आतल्या मजकुरात असते. गावाकडच्या जन्म दाखल्यात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांचं असतं. ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन घालून घ्या. दुसरा घोळ 1 जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने 1 जून लिहिलेला असतो आणि दाखल्यात खरी तारीख वेगळी असते. खेळातल्या वयचोरीमुळे तपासणी कडक झाली आहे, दोन तारखा दिसल्या की नोंदणी थांबते आणि खोटेपणाचा संशय पोरावर येतो. तिसरं, नावाचा क्रम. आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. हे सगळं दहा-बारा वर्षांच्या वयातच सरळ करा. पासपोर्ट काढायच्या वेळी करायला गेलात तर स्पर्धेची तारीख निघून जाते.

जिल्हा बदलायचा असेल तर जुन्या जिल्ह्याचं ना हरकत पत्र घ्या. तोंडी होकारावर जाऊ नका.

9. स्पर्धांचा जिना

दोन वाटा समांतर चालतात. शालेय वाट क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची: 14, 17 आणि 19 वर्षांखालील, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी. असोसिएशनची वाट जिल्हा, राज्य मानांकन, अखिल भारतीय मानांकन आणि राष्ट्रीय अशी, तिथे वयोगट वेगळे: 13, 15, 17, 19 आणि खुला. खेळाडू म्हणून वर चढायचं तर असोसिएशनची वाट महत्त्वाची. शालेय प्रमाणपत्रं दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे नोकरीसाठी कामाला येतात. कॉलेजात गेलात की नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धाही मिळते.

प्रवेशिकेची शेवटची तारीख गेली की गेली. ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची यादी, ऑनलाइन लागतो, ती रात्री बघूनच निघा. दुहेरीचे सामने बहुधा एकेरीच्या नंतर, उशिरा लावले जातात, म्हणून परतीचं आरक्षण त्याच संध्याकाळचं करू नका. पुण्याच्या स्पर्धेसाठी गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्धा, बडनेरा, अकोला अशी सगळ्यांना सोयीची पडते, पण प्रवासातली रात्र आणि सकाळी सामना असं जुळवू नका. एक दिवस आधी पोचा.

सामन्याच्या पिशवीत दोन रॅकेटी, दोन ग्रिप, तीन टी-शर्ट, दोन मोजे, टॉवेल, ओआरएस, घरचे चणे-गूळ किंवा केळी. तेलकट समोसा सामन्यानंतर.

10. पैसा, आणि दोघांचा लेखी हिशोब

दुहेरीत बक्षीस वाटून घ्यावं लागतं. जागतिक सर्किटच्या बऱ्याच स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण रकमेच्या 7.5 टक्के मिळतात, दुहेरीच्या विजेत्या जोडीला 7.9 टक्के, म्हणजे प्रत्येकी चार टक्केसुद्धा नाहीत. खर्च मात्र दोघांचा पूर्ण. बक्षिसावर घर चालेल असं सुरुवातीची पाच-सहा वर्षं धरू नका.

आधार तीन ठिकाणी मिळतो. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला 10,000 रुपये खर्चासाठी मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. आणि रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, विमानतळ प्राधिकरण अशा ठिकाणी खेळाडू म्हणून भरती होते, तिथला पगार हाच बहुतेक व्यावसायिक खेळाडूंचा खरा कणा.

जोडी करतानाच एका कागदावर चार ओळी लिहून दोन्ही घरच्यांनी सह्या कराव्यात. फुलांचा खर्च निम्मा-निम्मा की जो कमावतो त्याचा जास्त. बक्षीस कसं वाटायचं. एकाने ऐनवेळी माघार घेतली तर प्रवेश शुल्क आणि दंड कोणाचा. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा परीक्षेत किती दिवस सुटी चालेल. ऐकायला कोरडं वाटतं, पण पोट्ट्यांच्या मैत्रीला दोन हजारांच्या हिशोबाने तडा जातो.

11. परदेशातली पहिली स्पर्धा

आंतरराष्ट्रीय प्रवेशिका खेळाडूला स्वतः भरता येत नाही, ती बीएआयमार्फतच जाते. त्यासाठी जागतिक महासंघाचा खेळाडू क्रमांक आणि निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा. पायऱ्या खालून वर अशा: फ्युचर सिरीज, इंटरनॅशनल सिरीज, इंटरनॅशनल चॅलेंज, मग सुपर 100 पासून सुपर 1000 पर्यंत. विजेत्याला अनुक्रमे 1700, 2500 आणि 4000 गुण पहिल्या तीन पायऱ्यांवर, सुपर 100 ला 5500.

क्रमवारी गेल्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांवर लागते, आणि दुहेरीत ती जोडीची असते. जोडी मोडली तर नव्या जोडीची कमाई नव्याने. म्हणून चार पराभवांनंतर जोडीदार बदलायची घाई करू नका. निदान एक हंगाम पूर्ण द्या. आणि बदलायचंच असेल तर हंगामाच्या शेवटी बदला.

पहिल्या स्पर्धा घराजवळच्या निवडा. भारतातली एखादी इंटरनॅशनल चॅलेंज, नाहीतर नेपाळ, श्रीलंका, मालदीव. आफ्रिकेतल्या छोट्या स्पर्धांत गुण सोपे मिळतात म्हणून पुष्कळ भारतीय जातात, पण तिथल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावरच घेऊन पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, सोबत ठेवावं लागतं. ते नसेल तर विमानतळावरून परत.

औषधांबद्दल एक ताकीद. राष्ट्रीय स्पर्धेतही उत्तेजक चाचणी होते. गुडघा दुखतो म्हणून गावातल्या दवाखान्यात "पॉवरचं इंजेक्शन" घेणं धोक्याचं आहे, कारण 2022 पासून स्टेरॉइडची सगळी इंजेक्शनं स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत. सर्दीच्या काही गोळ्याही. डॉक्टरांना आधी सांगा की मी खेळाडू आहे, चिठ्ठी जपून ठेवा, आणि जिममधल्या डब्यातली पावडर घेऊ नका. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध आणि ज्वारीची भाकर यावर पुरेसं भागतं.

12. गाव कधी सोडायचं

राज्य पातळीवर सलग दोन हंगाम उपांत्यपूर्व फेरी गाठत असाल, आणि जिल्ह्यात तुम्हाला त्रास देणारी जोडी उरली नसेल, तेव्हा. त्याआधी अकादमीत गेलात तर पैसे भरून शेवटच्या कोर्टवर उभं राहावं लागतं. विदर्भाला हैदराबाद पुण्यापेक्षा सोयीचं. नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशाला थांबते. दोघं मिळून जा, आणि पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. दुहेरीचा स्वतंत्र प्रशिक्षक आहे का, की एकेरीचाच संध्याकाळी वेळ देतो? आमची जोडी कायम ठेवणार की इथल्या मुलांसोबत फिरवणार? फुलांचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा? तिन्हींची उत्तरं लेखी घ्या, आणि एक आठवडा राहून सराव बघितल्याशिवाय वर्षाची फी भरू नका.